तळहातावरची सलग रेघ

हृदयरेषा आणि मस्तकरेषा एक होऊन तळहाताच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग गेल्या, की हात पाहणारा त्यावर पाऊण तास बोलू शकतो. बालरोगतज्ज्ञ ती रेघ पाहतो आणि लगेच कानांकडे वळतो. कान खाली बसलेत का, करंगळी आत वळली आहे का, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत चपलेच्या पट्ट्याएवढी फट आहे का. यातल्या कशानेच मुलाचं काही अडत नाही. वैद्यकात यांना किरकोळ शारीरिक वैगुण्यं म्हणतात. मला तर 'वैगुण्य' हा शब्दही जडच वाटतो.

तळहाताच्या रेघा गर्भाच्या साधारण सातव्या ते चौदाव्या आठवड्यात पडतात. तिथे काही लिहिलेलं असेलच, तर ते त्या आठवड्यांबद्दलचं.

लहान मुलांच्या ल्युकेमियाशी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाशी, या रेघेचा धागा इथेच जुळतो. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हातावर ही रेघ असते आणि त्यांना ल्युकेमियाचा धोका इतरांच्या 10 ते 20 पट असतो. दोन्हींच्या मुळाशी जादा 21वं गुणसूत्र. पण ज्यांना असा कोणताच सिंड्रोम नाही, त्यांचं काय? नवजात बाळाच्या टाचेला टोचून कागदावर घेतलेले रक्ताचे थेंब काही देशांत वर्षानुवर्षं जपून ठेवतात. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे असे सुकलेले डाग 1999 मध्ये तपासले, तेव्हा बऱ्याच जणांच्या थेंबांत आजारी पेशींची जनुकीय खूण जन्माच्या वेळीच सापडली. म्हणजे निदान काही वेळा तरी पहिली ठिणगी पोटातच पडलेली असते.

त्या काळाच्या खुणा अंगावरही दिसतात का, हे पाहायला नेदरलँड्समध्ये कर्करोग झालेली 1,073 मुलं आणि शाळेत जाणारी 1,007 मुलं डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळली गेली. 2008 मध्ये आकडे आले: किरकोळ वैगुण्यं आजारी मुलांत 65 टक्के, शाळकरी मुलांत 56 टक्के. फरक खरा आहे, पण मला दुसरा आकडाच जास्त बोलका वाटतो. धडधाकट मुलांपैकी निम्म्याहून जास्त!

शिवाय अशा खुणा घराण्यातूनही येतात. म्हणून हंगेरीतल्या पेच शहरातले बालरोगतज्ज्ञ कारोली मेहेश यांच्यासारखे अभ्यासक मुलाबरोबर घरच्यांनाही तपासत. "धाकट्याच्या हातावरही अशीच रेघ आहे हो डॉक्टर," असं आजारी मुलाची आई घाबरून म्हणते, तेव्हा आधी बाबांना मूठ उघडायला सांगावं. पुष्कळदा ती रेघ तिथेच असते, आणि आजोबांच्या हातावरही.