अंगण किती घरांचं? सॉफ्टवेअरमधल्या पडद्यांची मांडणी

नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट्स व्हिलेज आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी आखलेली ही वसाहत १९८० च्या दशकात उभी राहिली. साधारण साडेपाच हेक्टर जागा आणि साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं. आखणीचं सूत्र सोपं आहे. सात घरांत मिळून आठ मीटर लांब-रुंद असं एक अंगण. असे तीन गट जोडले की एकवीस घरांचं, बारा मीटरचं मोठं अंगण. त्यापुढे वीस मीटरचा चौक. शेजारच्या घराशी भिंत सामाईक नाही, म्हणजे कुणालाही दुसऱ्याला धक्का न लावता आपलं घर वाढवता यावं. पुढे लोकांनी घरं वाढवलीच, कित्येकांनी तर पाडून नवी बांधली.

जागा किती जणांच्या वापराची, त्यावर तिचं ठिकाण ठरतं, हा त्यातला धडा. एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) फ्रेमवर्कवर नवं ॲप्लिकेशन सुरू करणाऱ्यानं तो पहिल्याच दिवशी घ्यावा. ऐरोली, महापे, घणसोली किंवा वाशी स्टेशनवरचा इन्फोटेक पार्क, नवी मुंबईत असं काम करणारी कार्यालयं जागोजागी आहेत. नवा प्रोजेक्ट आला की डेटाबेसच्या टेबलांवर तासन्‌तास चर्चा होते. पडद्यांचं मात्र ‘ते नंतर बघू’.

एमव्हीसी ही विभागणी नॉर्वेच्या त्रिग्वे रेन्स्काउग यांनी १९७९ मध्ये, झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात असताना मांडली. माहिती आणि तिचे नियम मॉडेलकडे, ती दाखवण्याचं काम व्ह्यूकडे, आणि वापरणाऱ्यानं जे केलं ते योग्य ठिकाणी पोचवण्याचं काम कंट्रोलरकडे. पुढे रेल्स (२००४), जँगो (२००५) आणि लाराव्हेल (२०११) या फ्रेमवर्कमुळे ही पद्धत वेब प्रोग्रामरच्या अंगवळणी पडली. जँगोमध्ये पडद्याच्या फाइलला टेम्प्लेट म्हणतात आणि कंट्रोलरसारखं काम करणाऱ्या भागाला व्ह्यू, एवढा फरक ध्यानात ठेवला की पुढचं सगळं तिथेही लागू पडतं.

समजा, खारघरमधल्या १२८ फ्लॅटच्या सोसायटीसाठी ॲप्लिकेशन बनवायचं आहे. सभासदांची यादी, मेंटेनन्सची बिलं, तक्रारी आणि सभेच्या नोटिसा असं चार प्रकारचं काम. नवखा प्रोग्रामर व्ह्यूच्या फोल्डरमध्ये ‘फॉर्म’, ‘तक्ते’, ‘पॉपअप’ असे कप्पे करतो. दिसायला टापटीप, पण बिलाच्या पडद्यात बदल आला की तिन्ही कप्पे धुंडाळावे लागतात. त्यापेक्षा फोल्डर कामावरून करावेत: सभासद, बिल, तक्रार, सभा. खजिनदारानं फोन करून ‘बिलात थकबाकी दिसत नाही’ म्हटलं, की कुठलं फोल्डर उघडायचं हे विचारावं लागत नाही.

आता सामाईक तुकड्यांकडे येऊ. पडद्याचा जो भाग वेगळ्या फाइलमध्ये काढून हवा तिथे जोडता येतो, त्याला रेल्समध्ये पार्शल म्हणतात. त्याची जागा ठरवताना एकच प्रश्न विचारायचा: हा कोण कोण वापरतं? बिलातल्या रकमांचा तक्ता पडद्यावर आणि छापील प्रतीत लागतो, दोन्ही बिलाचेच. मग तो बिलाच्याच फोल्डरमध्ये राहील. फ्लॅट क्रमांक आणि सभासदाचं नाव दाखवणारी पट्टी बिलातही लागते आणि तक्रारीतही. ती सामाईक फोल्डरमध्ये जाईल. वरचा मेन्यू, सोसायटीचं नाव आणि तळपट्टी सगळीकडेच असते, ती लेआउटमध्ये. लेआउट म्हणजे सगळ्या पानांची बाहेरची चौकट. तुकडा आधी लहान आवारात ठेवावा आणि दुसऱ्या फोल्डरला तो खरोखरच लागला, तरच बाहेर काढावा. पहिल्याच दिवशी ‘पुढे लागेल’ म्हणून सगळं सामाईक फोल्डरमध्ये भरलं, तर वर्षभरात तिथली कुठली फाइल कोण वापरतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

उलट टोकही आहे. दोन पडदे थोडेफार सारखे दिसले की लगेच एकच पार्शल करण्याचा मोह होतो. मग ‘छापील असेल तर हे लपव’, ‘सचिव पाहत असेल तर ते दाखव’ अशा अटी त्यात वाढत जातात. पाच-सहा अटी साचल्या की समजावं, या दोन गोष्टी मुळात वेगळ्या होत्या. सरळ दोन फाइली कराव्यात. थोडी पुनरावृत्ती परवडते.

खरी गोची होते ती नियमांची. सभासदानं फ्लॅट भाड्यानं दिला असेल, तर महाराष्ट्रात सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेता येतो. २००१ च्या सरकारी आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. सेवाशुल्कात पालिकेचे कर धरायचे नाहीत आणि मुलगी, भाऊ अशा जवळच्या नातलगांना राहायला दिलं असेल, तर हा चार्ज लागत नाही. हा हिशोब कुणी बिलाच्या व्ह्यूमध्येच लिहिला, की तो छापील प्रतीतही लिहावा लागतो आणि ईमेलच्या मजकुरातही. मग नातलगांची सवलत दोन ठिकाणी येते आणि तिसऱ्या ठिकाणी राहून जाते. पडद्यावर एक रक्कम, कागदावर दुसरी, आणि वार्षिक सभेत गदारोळ. म्हणून हिशोब मॉडेलमध्ये करावा आणि व्ह्यूच्या हातात तयार आकडा द्यावा.

तो आकडा कसा दिसावा, हा प्रश्न मात्र दाखवण्याचा आहे. १२५००० ही रक्कम आपल्याला १,२५,००० अशी वाचायची सवय असते. स्वल्पविरामाची ही रीत प्रत्येक पानावर वेगळी लिहू नये; हेल्पर नावाचं छोटं फंक्शन एकदाच लिहून सगळीकडे वापरावं. तारखेचंही तसंच. ‘थकबाकी’, ‘देय दिनांक’ असे शब्द भाषेच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवले, तर तेच पान मराठीत आणि हिंदीतही दाखवता येतं. सभासदानं तक्रारीत लिहिलेला मजकूर दाखवताना फ्रेमवर्कचं एस्केपिंग, म्हणजे मजकुरातला कोड साधी अक्षरं म्हणून दाखवण्याची सोय, कधीही बंद करू नये. नाहीतर कुणी त्यात घुसवलेला कोड दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू शकतो.

आणखी एक खाचखळगा. सभासदांच्या यादीत प्रत्येक ओळीपाशी व्ह्यूनं डेटाबेसला ‘याची थकबाकी किती?’ असं विचारलं, तर एका पानासाठी १२९ क्वेरी होतात: एक यादीची आणि १२८ थकबाकीच्या. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर पाच सभासदांची चाचणी झटकन होते. प्रत्यक्ष सोसायटीत पान रखडतं. लागणारी सगळी माहिती कंट्रोलरनं आधीच मागवून ठेवावी आणि व्ह्यूनं ती नुसती मांडावी.

मांडणी जमली की नाही, हे तपासायची सोपी युक्ती आहे. तक्रारींचा विभाग उद्या बंद करायचा आहे असं धरून चाला. तक्रारीचं फोल्डर आणि मेन्यूतली एक ओळ काढल्यावर बाकीचं ॲप्लिकेशन बिनबोभाट चालू राहत असेल, तर घडी नीट बसली आहे. बिलाचं पान कोसळलं, तर कुठला तुकडा कुणाच्या आवारात जाऊन बसलाय ते लगेच कळेल. ही तपासणी दहा पडदे असतानाच करावी. शंभर पडदे झाल्यावर चूक दिसली, तरी ती सुधारायला वेळ कोणी देत नाही.