न टिकणाऱ्या अणूंचा हिशेब

चेन्नईच्या वेलचेरी भागात सराफाच्या तराजूवर चढणारे सोने पृथ्वीवर घडलेले नाही. पृथ्वी जन्मास येण्यापूर्वीच ते आकाशात तयार झाले. ताऱ्यांच्या अंतरंगाचा वेध घेणारे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर याच शहरात शिकले. परंतु सोन्याच्या जन्माचा हिशेब अजून पुरता जुळलेला नाही.

लोखंडाच्या आसपासपर्यंतची मूलद्रव्ये ताऱ्यांच्या भट्टीत हलके अणुगर्भ जुळून बनतात. पुढे ही वाट खुंटते. कारण धन विद्युद्भाराचे अणुगर्भ एकमेकांस दूर लोटतात आणि त्यांच्या जुळणीतून ऊर्जाही मिळत नाही. न्यूट्रॉनला विद्युद्भार नाही; म्हणून तो जड अणुगर्भातही शिरू शकतो. मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी 1957 साली ही उपपत्ती सविस्तर मांडली.

न्यूट्रॉन गिळलेला अणुगर्भ पुष्कळदा अस्थिर होतो. तेथे दोन वाटा फुटतात. समॅरियम-151 चे अर्धायुष्य सुमारे 90 वर्षे आहे. त्या अवधीत त्याचा क्षय झाला, तर युरोपियम जन्मते; आधी न्यूट्रॉन आला, तर समॅरियम-152 बनते. यांतील कोणती वाट किती चालली हे कळले, म्हणजे ताऱ्याच्या पोटातील न्यूट्रॉनांची दाटी व तापमान यांचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी न्यूट्रॉन-ग्रहणाचा वेग मात्र आधी ठाऊक हवा.

समॅरियम-151 चा वेग जिनीव्याजवळच्या सर्न प्रयोगशाळेत मोजता आला. परंतु सोने घडविणाऱ्या जलद प्रक्रियेतील कित्येक अणुगर्भ क्षणार्धात विरतात. त्यांच्यावर न्यूट्रॉन सोडावेत, तर लक्ष्यच उरत नाही. उलट, न्यूट्रॉनांचेच लक्ष्य करावे, तर मोकळा न्यूट्रॉन सरासरी 15 मिनिटांचाच सोबती!

म्हणून आडवाट धरावी लागते. पहिली गणिताची. हाउझर व फेशबाख यांच्या 1952 च्या सिद्धांतानुसार न्यूट्रॉन गिळलेला अणुगर्भ ती ऊर्जा सर्व कणांत वाटून टाकतो आणि आपण कसे घडलो हे जणू विसरतो. त्याच्या ऊर्जापातळ्यांची दाटी आणि गॅमा किरण टाकण्याची सुलभता कळली, की ग्रहणाचा वेग काढता येतो. नेमक्या याच गोष्टी अल्पायुषी अणुगर्भांसाठी अंदाजाने धराव्या लागतात; त्यामुळे निरनिराळ्या गणितांची उत्तरे दहापटीनेही वेगळी पडतात.

दुसरी वाट त्या विस्मरणाचाच लाभ घेते. तोच तप्त अणुगर्भ सहज हाती येणाऱ्या घटकांपासून घडवावा आणि पुढे काय होते ते पाहावे. मुंबईच्या पेलेट्रॉन त्वरकावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी थोरियमवर लिथियमचे कण सोडून, 27 दिवसांचे अर्धायुष्य असलेल्या प्रोटॅक्टिनियम-233 चे न्यूट्रॉनमुळे होणारे विखंडन असेच ठरविले. तो निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला. न्यूट्रॉन-ग्रहणासाठीही हीच रीत वापरतात, फक्त तेथे गणिताची जोड अधिक लागते.

17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचे गुरुत्वतरंग व प्रकाश पृथ्वीवर नोंदले गेले आणि जड मूलद्रव्यांचा एक कारखाना माणसाला दिसला. तेथे सोने किती निघाले, याचे उत्तर काही अंशी या न मोजलेल्या वेगांवरच अवलंबून आहे. सराफाला गुंजेचा फरक खपत नाही. त्याच सोन्याच्या जन्मकथेत मात्र अद्याप दहापटींचा घोळ शिल्लक आहे.