पत्र्याच्या डब्यातील ३६ पत्ते

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना वाटेत इच्छापोर गाव लागते. कामधंद्यानिमित्त तेथे बिऱ्हाड केलेल्या एका आप्ताच्या घरी आम्ही नाताळात उतरलो होतो. रात्रीची रोझरी आटोपल्यावर घरच्या मावशींनी फडताळातून एक पत्र्याचा डबा काढून आमच्यापुढे ठेवला आणि त्या म्हणाल्या, "पोराला जुने पत्ते जमविण्याचा नाद आहे. त्यांत हे भविष्य सांगण्याचे निघाले. जाळून टाकू का, तुम्हीच सांगा."

"काका, मी भविष्य पाहत नाही, चित्रे पाहतो," मुलगा हळूच म्हणाला.

डब्यात ३६ पत्ते होते. पहिल्यावर घोडेस्वार, तिसऱ्यावर जहाज, चौथ्यावर घर. ३५ व्यावर नांगर आणि शेवटच्यावर क्रूस. या पत्त्यांस पॅरिसच्या प्रसिद्ध भविष्यवादिनी मादमोआझेल लनॉर्माँ यांचे नाव आहे. परंतु हे नाव त्यांस चिकटले ते १८४३ साली त्या बाई निवर्तल्यानंतर. मूळ पत्ते त्यापूर्वीचे, इ. स. १८०० च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे निघालेले. त्या खेळाचे नाव 'आशेचा खेळ' असे होते व त्याचा एक संच लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपलेला आहे. सहा-सहा पत्त्यांच्या सहा ओळी मांडावयाच्या, फासे टाकून सोंगट्या पुढे न्यावयाच्या आणि नांगराच्या घरी पोचेल तो जिंकला. आपल्या सापशिडीसारखी ही घरगुती करमणूक!

टॅरो नावाच्या पत्त्यांचीही हीच कथा. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते निव्वळ खेळण्यासाठी निर्माण झाले. त्यांत गूढ मिसरी विद्या दडली आहे, हा समज १७८१ मध्ये एका फ्रेंच लेखकाने पसरविला; त्यास आधार काहीच नव्हता.

मुलाच्या संग्रहात सावंतवाडीचा एक गोल, रंगीत गंजिफाही होता. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे बारा-बारा मिळून १२० पत्ते असतात. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. इतका जुना हा खेळ!

हे सारे ऐकून मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग डोळ्यांस पदर लावून म्हणाल्या, "गेल्या साली पोराला नोकरी नव्हती, तेव्हा मी बाजारातल्या पोपटवाल्याकडून चिठ्ठी काढविली होती. घरी कुणाला सांगितले नाही."

वाचकहो, जाळावयाचे काय ते आम्हांस तेव्हा उमगले. मुलगा पत्त्यांस काही विचारीत नव्हता; विचारले होते ते भयभीत आईने. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २११६ व्या परिच्छेदात ज्योतिष, हस्तसामुद्रिक, शकुन आदी सर्व प्रकार त्याज्य ठरविले आहेत. उद्याचा दिवस परमेश्वराच्या हाती सोपविण्याऐवजी तो आपल्या मुठीत धरण्याची हाव त्यांमागे असते. दोष कागदाचा नव्हे, त्या हावेचा.

आम्ही मावशींस पापनिवेदनास जाऊन मन मोकळे करण्यास सुचविले. मुलास सांगितले, "पत्ते ठेव; पण गंमत म्हणूनही कुणाचे भविष्य त्यांवरून सांगू नकोस. भ्यालेला मनुष्य गंमतही खरी मानतो." संग्रहाविषयीही दोन गोष्टी सांगितल्या. पत्ते मोजून ठेवावे, कारण एक हरवला तरी संच अपुरा होतो. त्यांस दमट हवा लागू देऊ नये, फाटलेल्यास चिकटपट्टी लावू नये आणि मूळ वेष्टन व नियमांचा कागद कधीही टाकू नये.

निघताना मावशींनी ३५ वा पत्ता हाती घेऊन निरखिला. नांगर हे आपल्या धर्मात आशेचे प्राचीन चिन्ह आहे, हे त्यांस ठाऊक होते. डबा पुन्हा फडताळात गेला. मात्र या वेळी तो त्यांनी स्वतःच्या हाताने ठेविला.