नकार मुलीचा की रोगाचा?

इंग्लंडमध्ये १९६९ च्या कायद्याने १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना वैद्यकीय उपचारास स्वतः संमती देण्याचा अधिकार दिला. या अधिकारात नकाराचाही अधिकार अंतर्भूत आहे काय, हा प्रश्न १९९२ साली तेथील अपील न्यायालयापुढे आला. अन्नच नकोसे करून टाकणाऱ्या ‘अनोरेक्सिया’ या विकाराने ग्रासलेली १६ वर्षांची एक मुलगी विशेष रुग्णालयात जाण्यास तयार नव्हती. बरे व्हायचे ते आपण ठरवू तेव्हाच, असे तिचे म्हणणे होते. इकडे वजन घसरतच होते. न्यायालयाने तिचा नकार बाजूला सारला. लॉर्ड डोनाल्डसन यांची मीमांसा मार्मिक होती : उपचार नाकारावयास लावणे हा या विकाराचाच एक गुणधर्म आहे.

प्राण वाचविणारा हा निर्णय योग्यच होता. तथापि होकार ग्राह्य आणि नकार अग्राह्य, ही विषमता वडीलधाऱ्यांची सोय ठरू नये. भारतातही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार १८ वर्षांखालील रुग्णाच्या वतीने सामान्यतः पालकच निर्णय घेतात. सक्तीने अन्न पोटात जाईल; जेवणाची इच्छा मात्र विश्वासाखेरीज परतत नाही. म्हणूनच मुलीचे म्हणणे डावलावे लागले, तरी ते आधी ऐकून घेण्याचे कर्तव्य कोणालाही टाळता येणार नाही.