भोकाच्या पैशाची शिकवण

भोक पडलेले तांब्याच्या रंगाचे एक जुने नाणे इयत्ता सातवीच्या वर्गात हातोहात फिरवले, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘याला भोक कोणी पाडले?’ ते कोणी पाडलेले नसून नाणे टाकसाळीतूनच तसे बाहेर पडले, हे कळताच दुसरा प्रश्न येतो, ‘कशासाठी?’ नाण्यावर राजमुकुट आहे आणि वर्ष आहे १९४३. त्या वेळी दुसरे महायुद्ध सुरू होते, धातूची टंचाई होती आणि एकेका पैशातील थोडा धातू वाचवला, तरी लाखो नाण्यांमागे मोठी बचत होणार होती. युरोपातील युद्ध भारतातील वाण्याच्या गल्ल्यापर्यंत कसे पोहोचले, हे समजण्यास याहून सोपा पुरावा नाही. रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे, हा हिशेबही त्याच नाण्याच्या निमित्ताने होतो. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी का आली, याचे उत्तर मग विद्यार्थी स्वतःच देऊ लागतात.

जुन्या वस्तूंच्या साहाय्याने शिकवण्याच्या पद्धतीचे सार या प्रसंगात आहे. पाठ्यपुस्तक प्रथम निष्कर्ष सांगते. वस्तू मात्र प्रथम प्रश्न विचारते. ‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५’ने शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा आणि घोकंपट्टीपासून दूर जाण्याचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनुभवातून शिकण्यावर भर दिला. तरीही अनेक शाळांत वस्तुसंग्रहालयाशी विद्यार्थ्यांचा संबंध वर्षातून एका सहलीपुरताच उरतो. रांगेत दालने पाहायची, फलकावरील मजकूर वहीत उतरवायचा आणि डबा खाऊन परतायचे! अशा सहलीत मुले शेकडो वस्तूंसमोरून जातात. पाहत मात्र एकही नाहीत.

एक वस्तू, चार पायऱ्या

यावर उपाय साधा आहे. शंभर वस्तूंऐवजी दोन-तीन वस्तू निवडाव्यात आणि प्रत्येकीसमोर पुरेसा वेळ थांबावे. पहिली पायरी निरीक्षणाची : वस्तू कशाची आहे, कोठे झिजली आहे, कोठे जोडली आहे? या टप्प्यावर फलक वाचू देऊ नये. दुसरी पायरी वर्णनाची. जे दिसते तेवढेच लिहावे. तिसरी अनुमानाची : ती कोणी घडवली असेल, कोणी वापरली असेल, टाकून का दिली असेल? चौथी पायरी पडताळ्याची. फलक, पुस्तक वा जाणकार यांच्याकडून आपले अनुमान तपासून घ्यावे. तिसरी आणि चौथी पायरी यांतील फरक कळणे, म्हणजेच पुरावा आणि तर्क वेगळे ठेवता येणे, ही इतिहासाच्या अभ्यासातील मोठी कमाई होय.

तेर ते पाँपेई

यासाठी मोठ्या शहरातच गेले पाहिजे असे नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव संत गोरा कुंभारांचे म्हणून सर्वांना ठाऊक आहे. हेच प्राचीन ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणसोबत त्याचा उल्लेख असून, येथील माल भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे त्यात म्हटले आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व परिसरात सापडणाऱ्या वस्तू गोळा केल्या आणि त्यातून तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. या गावी मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे तेथील मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. नकाशावर तेर, भडोच आणि पाँपेई ही तीन ठिकाणे रेषेने जोडली की, सातवाहनकालीन व्यापार हा चार गुणांचा प्रश्न उरत नाही. इतिहास दिल्लीत किंवा रोममध्येच घडतो, आपल्या गावात नाही, हा मुलांच्या मनातील समजही त्यामुळे दूर होतो.

ज्यांना संग्रहालयापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी संग्रहालयाने गावात जावे, असाही प्रयोग झाला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली, तर २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र दालन उघडले.

हात लावावा की नाही?

वस्तू हाताळल्याशिवाय कुतूहल जागत नाही आणि हाताळल्यास ती झिजते, ही खरी अडचण आहे. हाताचा घाम आणि तेल यांमुळे धातू, कागद व वस्त्र खराब होते. म्हणून दुर्मिळ वस्तूंच्या प्रतिकृती आणि घरोघरी आढळणाऱ्या वस्तू मूळ स्वरूपात, अशी विभागणी करणे इष्ट. कायद्याची जाणीवही याच वेळी द्यावी. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे आवश्यक आहे. शिवाय सापडलेली वस्तू जागेवरून उचलली की ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती, ही माहिती कायमची नष्ट होते.

शाळेत छोटा संग्रह उभारायचा, तर घरातील जाते, पायली, अडकित्ता, कंदील यांपासून आरंभ करता येईल. पुण्यात दिनकर केळकर यांनी बालपणीच दगावलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ उभे केलेले संग्रहालय दिवे, अडकित्ते, भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तूंनीच समृद्ध झाले. मात्र वस्तूसोबत तिची हकिकतही नोंदवून घ्यावी. पायलीत किती शेर मावत, जात्याची पाळी कशी घालत, हे सांगणारी आजी आज घरात आहे. ती गेल्यावर जाते उरेल, पण त्याविषयी सांगणारे कोणी नसेल. तिच्याजवळ वही घेऊन बसणे, हा इतिहासाचा गृहपाठ प्रत्येक शाळेला आजच देता येण्यासारखा आहे.