नाताळची भेट घरीच शिवायचीये? मग लाल मोजा राहू द्या, गोधडीचा टाका घ्या

डिसेंबर लागला की पुण्याच्या कॅम्पात नाताळ दिसायला लागतो. दुकानांच्या दारात चांदण्या लटकतात, बेकऱ्यांपुढे रांगा लागतात आणि रस्त्यावर लाल-पांढऱ्या टोप्या आणि सांताचे मोजे विकायला येतात. मोजे बहुतेक पॉलिएस्टरचे असतात, पुढच्या वर्षीपर्यंत टिकले तर नशीब.

तेव्हा दरवर्षी कुणीतरी ठरवतं की यंदा भेट विकत घ्यायची नाही, हाताने शिवायची. मोबाईलवर व्हिडिओ बघितले जातात, त्यातलं फेल्ट आणि परदेशी छापील कापड शोधायला वणवण होते आणि २४ तारखेच्या रात्री अर्धवट मोजा हातात राहतो.

खरंतर पुण्यातल्या बहुतेक घरांत सामान आधीच पडून असतं. आईच्या, आजीच्या जुन्या सुती साड्या, सुई आणि जाड दोरा. आणि टाका तोच, गोधडीचा धावदोरा.

आता कुणी म्हणेल, गोधडीचा आणि नाताळचा काय संबंध?

तर पुण्यात नाताळ इंग्रजांच्याही आधीपासून आहे. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च उभं आहे ते सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली दिलेल्या जागेवर. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्या प्रार्थनेसाठी ही सोय झाली. इंग्रजांच्या हातात पुणं गेलं त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळाला केकबरोबर करंज्या आणि चकल्याही असतात. करंजी चालते, तर गोधडी का नाही?

याचं जिवंत उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी समाज राहतो. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज यांच्यात आहेत. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत घालत मध्याकडे यायचं आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले छोटे तिकोनी तुकडे लावायचे. त्यांना ‘फुला’ म्हणतात, ते नसले तर कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. यांच्यातल्या ख्रिस्ती बायका कवंदीत कापडाचा क्रूसही बसवतात. गोधडी तीच, फक्त घरातली श्रद्धा तिच्यावर उतरते.

पुणे आणि सुई यांचं नातं आणखी एका बाजूने जुनं आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. नंतर पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळात निराधार झालेल्या बायका-मुली तिथे आल्या आणि विणकाम, शिवणकाम, भरतकाम, छपाई शिकल्या. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनातही शिवणाचे वर्ग होते. या बायकांसाठी सुई हा छंद नव्हता, पोटापाण्याची सोय होती. हे लक्षात ठेवायचं कारण पुढे येईलच.

आता करायचं काय?

पहिल्यांदा शिवणाऱ्याने पुस्तकाचं कव्हर घ्यावं. मराठी ख्रिस्ती घरात बायबल आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक रोज हाताळलं जातं, कोपरे फाटतात. दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर डायरी, वही, काहीही चालेल. माप घेताना पुस्तक मिटलेलं ठेवा. पुढच्या कडेपासून टेप कण्यावरून फिरवून मागच्या कडेपर्यंत न्या. त्यात दोन्ही बाजूंना आत दुमडायला सहा-सहा सेंटिमीटर वाढवा, वर-खाली शिलाईपुरतं ठेवा. साडीचे दोन-तीन थर एकावर एक घालून आधी पूर्ण कापडावर धावदोरा घालायचा आणि मगच मापाने कापायचं. कारण टाके पडले की कापड आक्रसतं. आधी कापलं तर कव्हर हमखास छोटं होतं.

बाळाच्या दुपट्याएवढी गोधडी करायची हौस सगळ्यांनाच असते. तिचा हिशोब आधी मांडा. ९० बाय ९० सेंटिमीटरचं कापड, एकेक सेंटिमीटरवर एक ओळ, म्हणजे ९० ओळी. प्रत्येक ओळ ९० सेंटिमीटरची, म्हणजे एकूण ८१ मीटर शिवण. नवख्या हाताला मीटरला दहा मिनिटं धरली तर साडेतेरा तास होतात. रोज एक तास दिला तरी दोन आठवडे गेले, कडा वेगळ्याच. डिसेंबरच्या दहा तारखेला सुरू करणाऱ्याने ओळींतलं अंतर दोन सेंटिमीटर करावं, काम निम्म्यावर येतं आणि गोधडी तितकीच ऊब देते. बाळासाठी असेल तर मणी, टिकल्या, बटणं लावू नका, ती निघून तोंडात जातात.

दोरा, लेस, सुया रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला मिळतात. भरतकामाच्या दोऱ्यात सहा पदर असतात. सगळे एकदम ओवले तर अक्षरं जाड आणि ओबडधोबड येतात, तीन पदर पुरे. नाव देवनागरीत भरायचं तर आधी शिरोरेषा उलट्या टिपेने घाला, मग अक्षरं तिला लटकवल्यासारखी साखळी टाक्याने भरा. ओळ वाकडी जात नाही.

खरी अडचण मात्र साडी कापताना येते.

साडी बऱ्याचदा गेलेल्या माणसाची असते. आई गेली, तिच्या दोन साड्या कपाटात आहेत आणि बहीण-भावाला नाताळला त्यातलंच काहीतरी द्यावं असं वाटतं. कल्पना चांगली आहे, पण एकदा कात्री चालली की साडी परत येत नाही. म्हणून आधी सगळ्या भावंडांना विचारलेलं बरं. भेट उघडल्यावर ‘आईची ती साडी कापलीस?’ असं ऐकायची वेळ कुणावर येऊ नये. पदर आणि काठ अखंड ठेवून आतल्या भागातले तुकडे घेतले तर बऱ्याच घरांत वाद उरत नाही.

दुसरं, रंग. पांढरं फडकं ओलं करून साडीच्या आतल्या कोपऱ्यावर चोळा. फडक्याला लाल किंवा निळं लागलं तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण त्यावर आईची साडी पणाला लावू नये. आणि फार जुनी रेशमी साडी घडीवरच चिरलेली असते, तिला टाका धरत नाही. ती तशीच जपलेली बरी.

शिवायला वेळच नसेल तर पुण्यात आणि आसपास साड्या घेऊन गोधडी शिवून देणाऱ्या बायका आहेत. इथे मघाचा साडेतेरा तासांचा हिशोब आठवा. समजा दुपट्याचे आठशे रुपये ठरले आणि दोरा-अस्तराला दोनशे गेले, तर शिवणारीला तासाला पंचेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. सराईत हात दुप्पट वेगाने चालला तरी नव्वदच्या आतच. त्यात घासाघीस करायला जागा कुठे आहे?

पैसे हाताच्या कामाचे मोजले असतील तर वस्तू उलटी करून बघा. हाताच्या धावदोऱ्यात मागच्या बाजूलाही टाका आणि मोकळी जागा असं आलटून पालटून दिसतं, अंतर थोडं कमी-जास्त असतं. मशीनची टीप दोन्हीकडून सलग असते. भरतकाम मशीनचं असेल तर मागे बहुतेकदा बारीक पांढरा दोरा आणि चिकटवलेला कागदासारखा थर सापडतो. हाताच्या भरतकामामागे गाठी आणि एका फुलातून दुसऱ्या फुलाकडे गेलेले दोरे असतात.

ऑर्डर द्यायची तर नोव्हेंबरातच द्या. डिसेंबरात सांगितलेली गोधडी बहुतेक वेळा जानेवारीत मिळते.