‘बोर्ड उडाला’ म्हणण्याआधी

एप्रिलमधली सकाळ. गुरुग्रामच्या उद्योग विहारात चार मजली कार्यालयाच्या गच्चीवर एसीचं मोठं पॅकेज युनिट गप्प उभं आहे आणि खालून फोनवर फोन येतायत. तंत्रज्ञ पत्र्याचं झाकण उघडतो, हिरव्या सर्किटकडे पाहतो आणि मिनिटभरात निकाल देतो, “पीसीबी उड गया, सर!” मीटर अजून पिशवीतच असतो.

बोर्ड खरोखर जळतात, यात शंका नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत, पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या मे-जूनमध्ये, त्यांची कसोटीच लागते. पण बोर्ड दोनच कामं करतो: सेन्सर आणि स्विचांकडून माहिती घेतो, आणि कॉन्टॅक्टर, पंखे, व्हॉल्व्ह यांना हुकूम सोडतो. म्हणून बिघाड शोधताना प्रश्नही दोनच असतात. बोर्डाकडे काय आलं? आणि बोर्डाकडून काय गेलं? दोन्हींची उत्तरं मीटरवर मिळतात. ती न घेता बोर्ड बदलणं म्हणजे मोठ्या रकमेचा अंदाज बांधणं. हे अंदाज ज्या समजुतींवर उभे असतात, त्या एकेक करून पाहू.

गैरसमज १: युनिट काहीच प्रतिसाद देत नाही, म्हणजे बोर्ड मेला.

वस्तुस्थिती: अनेक व्यावसायिक युनिटांत नियंत्रणाची बाजू २४ व्होल्ट एसीवर चालते. हे २४ व्होल्ट एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून येतात आणि फ्यूज, हाय प्रेशर स्विच, लो प्रेशर स्विच, ओव्हरलोड असे एकामागून एक टप्पे पार करत कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत जातात. यातला कुठलाही एक टप्पा उघडा पडला की सगळं ठप्प होतं.

तपासणी सोपी आहे. मीटरची एक प्रोब ट्रान्सफॉर्मरच्या कॉमन टोकावर ठेवायची आणि दुसरी टप्प्याटप्प्याने पुढे न्यायची. ट्रान्सफॉर्मरवर २४. फ्यूजच्या पुढे २४. हाय प्रेशर स्विचच्या अलीकडे २४, पलीकडे शून्य. सापडलं! स्विच उघडा आहे. पण स्विचही गुन्हेगार नाही. तो त्याचं काम करतोय. मान वर करून कंडेन्सरकडे पाहिलं, तर धुळीच्या वादळांनंतर जाळीवर राखाडी थर बसलेला असतो. उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो, स्विच उघडतो. इथे कॉइल धुवायची आहे. नवा बोर्ड घातला असता तर तोही तसाच गप्प बसला असता.

एक सावधगिरी: मोजमाप भार जोडलेला असतानाच घ्यावं. जळक्या रिले-कॉन्टॅक्टमधून मीटरला २४ दिसतात, पण कॉइल खेचायची वेळ आली की ते कोसळतात. उलट, कुठेच न जोडलेल्या तारेतही शेजारच्या तारांमुळे डिजिटल मीटर काही व्होल्ट दाखवतो. दोन्ही वेळा आकडा फसवतो.

गैरसमज २: एरर कोड ज्या भागाचा, तोच भाग खराब.

वस्तुस्थिती: कोड लक्षण सांगतो, कारण नाही. सेन्सरचा कोड आला तर सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर आणि बोर्डाचं इनपुट असे चार संशयित असतात. बहुतेक तापमान सेन्सर थर्मिस्टर असतात. गार झाले की त्यांचा रोध वाढतो, तापले की घटतो. २५ अंशांना १० किलोओहम दाखवणारा प्रकार खूप चालतो, पण सगळेच तसे नसतात. त्यामुळे कनेक्टर काढून रोध मोजावा आणि त्या मॉडेलच्या तक्त्याशी ताडून पाहावा. मीटर अनंत रोध दाखवत असेल, तर सेन्सर तरी तुटलाय किंवा उंदरांनी वायर तरी कुरतडलीय. सेन्सर बरोबर, वायर बरोबर, तरीही कोड कायम, तेव्हा कुठे संशय बोर्डाच्या इनपुटवर येतो.

गैरसमज ३: फ्यूज सारखा उडतो, मग जरा मोठा टाकू.

वस्तुस्थिती: बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा छोटा फ्यूज बोर्डासाठीच बळी जातो. त्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातला की पुढच्या वेळी तांब्याचा ट्रॅक किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. फ्यूज उडण्याचं मूळ बहुतेकदा बाहेरच असतं: शॉर्ट झालेली कॉन्टॅक्टर कॉइल, किंवा पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडलेली थर्मोस्टॅटची वायर. बाहेर जाणाऱ्या सगळ्या कंट्रोल वायरी सोडवाव्यात आणि दर वेळी वीज बंद करून एकेक परत जोडावी. जी जोडल्यावर फ्यूज उडतो, तिच्या मागे जावं.

गैरसमज ४: स्टॅबिलायझर आहे, म्हणजे बोर्ड सुरक्षित.

वस्तुस्थिती: स्टॅबिलायझर हळूहळू होणारे चढउतार सावरतो. वीज पडल्यावर किंवा मोठा भार तुटल्यावर येणारा झटका मायक्रोसेकंदांचा असतो. त्यासाठी सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस वेगळं लागतं आणि तेही चांगल्या अर्थिंगशिवाय निकामी. गुरुग्राममध्ये ग्रिडवरून जनरेटरवर आणि परत, अशा बदल्या होतच असतात. प्रत्येक बदलीच्या वेळी कंप्रेसर लगेच सुरू होऊ नये म्हणून टाइम डिले हवा.

सर्वांत घातक असतो तो तुटलेला न्यूट्रल. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला, की २३० व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डाला जवळजवळ ४१५ पर्यंत व्होल्टेज मिळू शकतं. एकाच दिवशी दोन-तीन बोर्ड गेले, तर नवे मागवण्याआधी पॅनेलमधले न्यूट्रलचे स्क्रू तपासावेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातही व्होल्टेज मोजावं. तिथे दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त सापडलं, तर कारण शोधावं.

गैरसमज ५: मेन स्विच बंद केला, आता हात घालायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: इथे जिवाचा प्रश्न आहे. ४१५ व्होल्टच्या तीन फेज पुरवठ्यावर चालणाऱ्या इन्व्हर्टर बोर्डावरचे कपॅसिटर सुमारे ५८७ व्होल्ट डीसीपर्यंत भरलेले असतात आणि वीज गेल्यावरही काही मिनिटं भरलेलेच राहतात. झाकणावर लिहिलेला वेळ थांबावं, मग मीटर डीसीवर लावून व्होल्टेज खरोखर उतरल्याची खात्री करावी. स्विचला कुलूप आणि ‘काम चालू आहे’ची पाटीही हवी, कारण खालच्या मजल्यावर उकडणाऱ्या माणसाला गच्चीवर कोण आहे हे दिसत नाही. ही सगळी मोजमापं प्रशिक्षित माणसानेच करायची आहेत.

गैरसमज ६: हिवाळाभर बंदच होतं, झिजणार काय?

वस्तुस्थिती: मुंबईत एसी जवळपास बाराही महिने चालतो. गुरुग्राममध्ये थंडीत कितीतरी युनिटं महिनोन्‌महिने बंद असतात, आणि तो काळही त्रासाचाच. धुक्याच्या रात्री ओल धरते, त्यावर धूळ बसते. पाली आणि मुंग्या पॅनेलमध्ये शिरतात. दोन ट्रॅकवर आडवी पडलेली पाल बोर्ड शॉर्ट करते. जवळून सांडपाण्याचा नाला वाहत असेल, तर हायड्रोजन सल्फाइडमुळे तांबं आणि चांदी काळी पडते.

त्यात मेन स्विच पूर्ण बंद ठेवला, की कंप्रेसरचं तेल गरम ठेवणारा क्रँककेस हीटरही थंड. गॅस तेलात मिसळून राहतो आणि पहिल्याच दिवशी झटक्यात सुरू केलं, की तेल फेसाळून कंप्रेसरला इजा होते. मग ट्रिप होतं आणि ठपका बोर्डावर येतो. हंगाम सुरू करण्याआधी मॅन्युअलमध्ये दिलेले तास, बहुधा अर्धा दिवस, पुरवठा चालू ठेवावा. आणि कॉइल धुताना प्रेशरचं पाणी पॅनेलच्या फटीत जाऊ देऊ नये.

गैरसमज ७: नवा बोर्ड बसवला की काम संपलं.

वस्तुस्थिती: नवा बोर्ड कारखान्याच्या सेटिंगवर येतो. डिप स्विच, जंपर, पत्ता, क्षमतेचा कोड हे सगळं जुन्यावरून उतरवावं लागतं. त्यासाठी एकही वायर काढण्याआधी मोबाइलवर दोन स्पष्ट फोटो काढावेत. व्हीआरएफमध्ये, म्हणजे बाहेरच्या एका युनिटवर आतली अनेक युनिटं चालवणाऱ्या यंत्रणेत, कम्युनिकेशनच्या टर्मिनलवर चुकून मेनची वायर लागली, तर नवा बोर्ड क्षणात जातो. शिवाय कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिर वीज आपल्याला जाणवण्याआधीच चिप बिघडवू शकते. म्हणून मनगटाला अर्थची पट्टी बांधूनच बोर्ड पाकिटातून काढावा.

देखभालीचा करार ज्यांच्या सहीने होतो, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बोर्डाचं कोटेशन आलं, की सोबत चार आकडे मागा: येणारं व्होल्टेज, न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज, नियंत्रणाचे २४ व्होल्ट कुठपर्यंत पोचतात, आणि सेन्सरचा रोध. हे आकडे तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये कोणी ‘पीसीबी उड गया’ म्हणालं, की आधी तो कागद वाचा आणि त्याच जागी मीटर लावा.